उजेडावर वाकणारी पट्टी कॉलेजच्या लॅबमध्ये कशी करायची

प्रोजेक्टला विषय मागायला पोरं आली की मी हल्ली पहिला प्रश्न विचारते, "वास सहन होतो का?" नाही म्हणाली तर नॅनोकणांचा विषय देऊन टाकते, ते करणारे ढीगभर आहेत. हो म्हणाली तर त्यांच्यासाठी हे काम आहे. रबरासारखी एक लाल पट्टी करायची. तिच्यावर निळा किंवा हिरवा उजेड टाकला की ती उजेडाकडे वाकते, उजेड बंद केला की पुन्हा सरळ होते. मोटर नाही, तार नाही, बॅटरी नाही.

मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे हॉट प्लेट, ओव्हन, व्हॅक्यूम डेसिकेटर, मनात आलं तर चालणारा एक फ्यूम हूड आणि म्हातारा पण इमानदार यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे. क्लीनरूम नाही, हॉट स्टेजवाला मायक्रोस्कोप नाही. शोधनिबंध वाचून पोरं इथेच हाय खातात. पण एवढ्या सामानात पट्टी होते. खरी कसरत पुढे आहे: पट्टी उजेडाने वाकली की उजेडाने तापली म्हणून वाकली, हे दाखवायचं. व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणून हे सगळं लिहिताना मी त्या प्रश्नाकडे डोळा ठेवून लिहिते आहे.

आत काय घडतं

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेन्झोएटचे दोन वितळणबिंदू सापडले. १४५.५ अंशांना स्फटिक वितळून दुधट द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो एकदम स्वच्छ झाला. मधली जी दुधट अवस्था, ती लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवस्फटिक. तिच्यातले रेणू द्रवासारखे वाहतात, पण लांबट असल्यामुळे सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. यातल्या सगळ्यात साध्या प्रकाराला नेमॅटिक म्हणतात.

आता हेच लांबट रेणू पॉलिमरच्या साखळीत गुंफले आणि साखळ्या एकमेकींना अधूनमधून बांधून टाकल्या, की द्रवस्फटिकी रबर होतं. सोलापूरच्या माणसाला मागावरचा ताणा डोळ्यासमोर आणायला सांगितलं की पुरतं: सगळे धागे एका दिशेला, ताठ. ताणा सैल सोडला तर धागे गुंतून जागच्या जागी आखडतात. रबर तापवलं की आतल्या साखळ्यांचं तसंच होतं. रेणूंची शिस्त मोडते, साखळ्या गोळा होतात, पट्टी लांबीला आखडते आणि रुंदीला फुगते. आकारमान जवळपास तेवढंच राहतं. गार केलं की पुन्हा लांब. यातून कृत्रिम स्नायू करता येतील हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७५ मध्येच सुचवलं होतं. पुढे १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. प्रत्यक्ष असं रबर करण्याचं मोठं श्रेय जर्मनीच्या फिंकेलमान यांचं.

उजेडाचं काम अ‍ॅझोबेन्झीन करतं. दोन बेन्झीन कड्या आणि मध्ये नायट्रोजनचा दुहेरी बंध. ट्रान्स रूपात रेणू सरळ काडीसारखा असतो, दोन टोकांच्या कार्बनमधलं अंतर साधारण ९ आंगस्ट्रॉम. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड पडला की तो सिस होतो, म्हणजे मधे मोडतो, आणि तेच अंतर ५.५ वर येतं. सरळ रेणू शेजाऱ्यांच्या ओळीत बसतो, मोडलेला रेणू ओळ बिघडवतो. निळ्या उजेडाने किंवा नुसत्या उबेनेही तो परत सरळ होतो. २००१ मध्ये फिंकेलमान, वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रबर निव्वळ अतिनील उजेडाने सुमारे २० टक्के आखडवून दाखवलं. २००३ मध्ये जपानात इकेदांच्या गटाने त्याहून गमतीची गोष्ट केली. एकाच फिल्मला ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, उजेडाची दिशा बदलून त्यांनी हव्या त्या बाजूला वाकवलं.

आपल्याला सोयीचं काम मात्र २००४ चं. त्यात अ‍ॅझो रंग साखळीला न जोडता रबरात नुसता विरघळवला होता. पाण्यावर तरंगणारा तो तुकडा वरून लेझर पडला की उजेडापासून पळून अंधाराकडे पोहत जायचा. नुसता विरघळवून भागतं म्हटल्यावर आपलं निम्मं सिंथेसिस वाचलं.

सामान

मुख्य पदार्थ आरएम-२५७. दोन्ही टोकांना अ‍ॅक्रिलेट असलेला, नेमॅटिक अवस्थेत जाणारा पांढरा पावडरी मोनोमर, म्हणजे पॉलिमरच्या साखळीची सुटी कडी; अ‍ॅक्रिलेट हे तिचं दुसऱ्यांशी जुळणारं टोक. महाग आहे, म्हणून मी सगळं एका ग्रॅमच्या हिशोबाने देते. दोन थायॉल, म्हणजे टोकांना गंधक-हायड्रोजनचा गट असलेले रेणू, लागतात. दोन हातांचा ईडीडीईटी, जो साखळी लांब करतो, आणि चार हातांचा पीईटीएमपी, जो साखळ्या एकमेकींना बांधतो. फोटोइनिशिएटर, म्हणजे उजेड पडला की जुळणी सुरू करणारा पदार्थ, इरगाक्युअर २९५९. उत्प्रेरक डायप्रोपिल अमाइन. द्रावक टोल्युइन. रंग डिस्पर्स रेड १, अ‍ॅझोबेन्झीनच्याच कुळातला, पण निळा-हिरवा उजेड शोषणारा.

रंगाबद्दल थोडं जास्त बोलते. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, त्यामुळे पोरांना वाटतं, मॅडमकडे रंग फुकट मिळत असणार. मिळत नाही. आपली सोलापुरी चादर सुती. सुताला व्हॅट किंवा रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतात. डिस्पर्स रंग पॉलिएस्टरचा, तो कापसावर चढतच नाही. त्यामुळे सोलापुरात रंगवाल्यांची एवढी वस्ती असून नेमका हा रंग बाहेरून मागवावा लागतो. कपड्यासाठी विकला जाणारा रंग आणलाच, तर त्यात निम्म्याच्या आसपास भरणा पसरवणाऱ्या द्रव्यांचा असू शकतो. तो तसाच रबरात घालू नका. अ‍ॅसिटोनमध्ये ढवळा, गाळा, अ‍ॅसिटोन उडवून उरलेला रंग घ्या. प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली मागवली तर ही भानगडच नको. अर्धा ग्रॅम तुमच्या पुढच्या तीन बॅचच्या पोरांना पुरतो.

साचा कशाचा घ्यायचा याकडे कुणी लक्ष देत नाही. लॅबमधल्या प्लॅस्टिकच्या पेट्री डिश पॉलिस्टायरीनच्या असतात, टोल्युइन त्यांना खातं, सकाळी बघावं तर तळाला चिकट लगदा. टेफ्लॉन असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातल्या डब्याचं सपाट झाकण उलटं करून बघा. प्लॅस्टिकचा प्रकार सांगणाऱ्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असला तर चालतं.

दिव्याचं पाणी आधीच जोखून घ्या. 'यूव्ही टॉर्च' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा जांभळा उजेड डोळ्याला लख्ख दिसतो. खऱ्या ३६५ च्या, काळी काच लावलेल्या टॉर्चचा उजेड भिंतीवर जेमतेम दिसतो, पण नवा पांढरा शर्ट मात्र निळा पेटतो. इरगाक्युअर २९५९ ला ३६५ किंवा त्याहून आखूड तरंगलांबीच हवी, ४०५ वर तो ढिम्म हलत नाही. नेल पॉलिश वाळवायचा दिवा आणायचा असेल तर खोक्यावर ३६५ लिहिलंय का ते वाचून आणा. वाकवण्यासाठी वेगळा दिवा लागेल: ४७० किंवा ५२० नॅनोमीटरची, तीन वॅट किंवा जास्तीची एलईडी, पुढे भिंग. गड्ड्याच्या जत्रेत खेळण्यांच्या रांगेत मिळतात तसले हिरवे लेझर वापरू नका. त्यांची खरी ताकद लेबलापेक्षा बरीच जास्त निघू शकते आणि कित्येकांतून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात. डोळा गेला तर परत येत नाही, आणि वर अवरक्ताने पट्टी तापली की तुमचं मोजमापही गेलं.

मिश्रण

नायट्राइल हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड. अ‍ॅक्रिलेटची एकदा अ‍ॅलर्जी बसली की जन्माची बसते, त्यामुळे "दोन थेंबांनी काय होतंय" हे माझ्यासमोर म्हणायचं नाही.

आधी रंगाचं टोल्युइन करून ठेवा. आपल्याला एका ग्रॅममागे एक-सव्वा मिलिग्रॅम रंग हवा आणि एवढं आमच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून १३ मिलिग्रॅम रंग ४ ग्रॅम टोल्युइनमध्ये किंचित कोमट करून विरघळवा. या लाल टोल्युइनचे ०.४० ग्रॅम घेतले की द्रावकही आला आणि बरोबर १.३ मिलिग्रॅम रंगही आला.

छोट्या काचेच्या बाटलीत १.०० ग्रॅम आरएम-२५७ आणि हे ०.४० ग्रॅम लाल टोल्युइन घ्या. ८० अंशांवर पाचेक मिनिटांत सगळं स्वच्छ विरघळतं. ६.४ मिलिग्रॅम फोटोइनिशिएटर यातच घालून विरघळवा. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीत मोनोमर परत पांढरा पडू लागला तर जरा ऊब द्या. मग पीईटीएमपी ०.०५४ ग्रॅम आणि ईडीडीईटी ०.२२९ ग्रॅम. पहिलं म्हणजे जाड तेलाचे दोन-तीन थेंब. इन्सुलिनच्या सिरिंजने, बाटली काट्यावरच ठेवून, थेंब थेंब सोडा. शेवटी उत्प्रेरक: डायप्रोपिल अमाइन टोल्युइनमध्ये १ ला ५० या प्रमाणात पातळ करून त्यातलं ०.१४२ ग्रॅम.

हे आकडे कुठून आले ते समजून घ्या, कारण ते समजलं की पट्टी तुमची होते, नाहीतर ती नुसती पाककृती राहते. आरएम-२५७ चा रेणुभार ५८८.६. एका ग्रॅममध्ये १.७ मिलिमोल, प्रत्येकाला दोन अ‍ॅक्रिलेट, म्हणजे ३.४ मिलिमोल अ‍ॅक्रिलेट. थायॉलचे हात मोजा: पीईटीएमपीतून ०.४४, ईडीडीईटीतून २.५१, एकूण २.९५. म्हणजे सगळे थायॉल संपल्यावरही सुमारे ०.४५ मिलिमोल अ‍ॅक्रिलेट मोकळे राहतात. ते मुद्दाम ठेवलेले असतात. अमाइनमुळे पहिल्या टप्प्यात थायॉल आणि अ‍ॅक्रिलेट जुळून मऊ, ढिली जाळी होते. ती ताणून धरायची आणि मग अतिनील उजेडात उरलेल्या अ‍ॅक्रिलेटना आपसांत बांधून ताणलेली अवस्था कायम करायची. २०१५-१६ च्या सुमारास ही दोन टप्प्यांची पद्धत अमेरिकेतल्या गटांनी बसवली आणि माझ्या मते छोट्या लॅबसाठी याहून उपकारक काही झालेलं नाही. त्याआधी दिशा लावायची म्हणजे काचेच्या सेल (दोन काचांमधली बारीक फट), घासलेले पृष्ठभाग आणि नशीब.

अमाइन पडलं की गप्पा बंद. ढवळा, बुडबुडे घालवायला मिनिटभर व्हॅक्यूम द्या, साच्यात अर्धा मिलिमीटर जाडीचा थर ओता. एका ग्रॅममध्ये साधारण वीस चौरस सेंटिमीटर होतं, त्यातून चार-पाच पट्ट्या निघतात. एप्रिल-मेमध्ये मिश्रण फार लवकर घट्ट होतं, त्यामुळे हे काम सकाळी आठच्या आत उरकून घ्या. पंखा बंद, नाहीतर थराला लाटा पडतात. बारा तास तसंच ठेवून मग व्हॅक्यूममध्ये ८० अंशांवर एक दिवस, टोल्युइन पूर्ण जाईपर्यंत. वीज गेली तरी घाबरू नका, दरवाजा न उघडता वीज आल्यावर पुढे चालू ठेवा.

आता त्या वासाबद्दल. घरगुती गॅसला जो वास मुद्दाम दिलेला असतो तो थायॉलच्याच जातीचा. त्यामुळे बाटली उघडली की शेजारच्या वर्गातून "मॅडम, गॅस लीक होतोय" असा निरोप हमखास येतो. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना आधी सांगून ठेवा. वापरलेली भांडी, सिरिंज, हातमोजे फ्यूम हूडमध्येच पातळ ब्लीचमध्ये बुडवा, वास मरतो. त्या ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अ‍ॅसिटोन जाऊ देऊ नका.

ताणायचं आणि बांधायचं

ओव्हनमधून निघालेला तुकडा लाल, पण दुधट असतो. आतले रेणू जागोजागी रांगेत आहेत, पण प्रत्येक रांगेची दिशा वेगळी, म्हणून उजेड विखुरतो. ब्लेडने पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा, पेनाने दहा मिलिमीटर अंतरावर दोन रेघा मारा, टोकं कागदाच्या क्लिपांत धरा आणि हळूहळू ओढा. इथे घाई करू नका, इथेच सगळी मजा आहे. रेघांमधलं अंतर वाढत जातं आणि एका क्षणाला पट्टीचा दुधटपणा जाऊन ती लाल काचेसारखी आरपार दिसू लागते. खाली वर्तमानपत्र ठेवलं असेल तर अक्षरं वाचता येतात. सगळ्या रांगा एका दिशेला आल्याची ही खूण. साधारण दुप्पट लांबीवर थांबा, क्लिपा लाकडी पट्टीवर खिळ्यांना अडकवा आणि ३६५ च्या दिव्याखाली दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं ठेवा. रंग थोडा अतिनील उजेड खातो आणि त्यातला नायट्रो गट अ‍ॅक्रिलेटची क्रिया थोडी मंदावतो, म्हणून मी वेळ जरा सढळ देते. दिवा पट्टीला तापवत नाही ना हे बोट जवळ नेऊन बघा. पट्टी खूप तापली तर रांगा मोडलेल्या अवस्थेतच बांधल्या जातील.

दिशा लागली का हे तपासायला ध्रुवण मायक्रोस्कोप नसला तरी अडत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनचा उजेड ध्रुवितच असतो. पांढरं पान उघडा, पट्टी स्क्रीनवर धरा आणि वरून बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरमधून काढलेली ध्रुवक फिल्म फिरवून स्क्रीन काळी करा. आता पट्टी फिरवा. स्क्रीनच्या ध्रुवणाला ४५ अंशांत ती उजळेल, समांतर किंवा काटकोनात अंधारेल. उजळ-अंधार असा स्पष्ट खेळ दिसला की पट्टी पास. कुठेही फिरवली तरी सारखीच मिणमिणत असेल तर ताण कमी पडला.

पुढची तपासणी उबेची. पट्टी एका टोकाला धरून हेअर ड्रायरची हवा द्या. ऐंशी अंशांच्या आसपास ती ठळकपणे आखडली पाहिजे आणि गार होताना परत लांब झाली पाहिजे. हे होत नसेल तर उजेडाकडे वळूच नका.

वाकवायचं

पट्टी उभी टांगा, मागे आलेख कागद, समोर मोबाइल स्टँडवर, बाजूने एलईडी. खोलीत अंधार. दिवा लावला की पट्टी दिव्याकडे वाकते.

दिव्याकडेच का? डिस्पर्स रेड १ हा रंग ४९० नॅनोमीटरच्या आसपास फार जोरात उजेड शोषतो. आपण घातलेल्या प्रमाणात, हिशोब केला तर, त्या तरंगलांबीचा दहातला नऊ भाग उजेड पहिल्या दशांश मिलिमीटरातच संपतो. पट्टी अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे दिव्याकडचा पातळ थर आखडतो, मागचा भाग आखडत नाही, आणि पट्टी आखडलेल्या बाजूला वळते. सगळ्या पोरांना इथे एकच मोह होतो, रंग दहापट घालू, दहापट वाकेल. उलट होतं. उजेड दहा मायक्रॉनच्या कातडीतच अडकतो आणि एवढीशी कातडी बाकीच्या जाड रबराला ओढू शकत नाही. बीअर-लँबर्टचा नियम तुम्ही बीएस्सीला पाठ केलेला असतो, इथे तो डोळ्याने दिसतो. वेगवेगळ्या रंगप्रमाणाच्या तीन पट्ट्या करून कोन मोजलात तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच होतं.

फोन स्लो मोशनवर ठेवून चित्रण करा आणि चौकटी मोजून वेळ-कोनाचा आलेख काढा.

उजेड की ऊब

डिस्पर्स रेड १ च्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा अमाइन गट आणि दुसऱ्या टोकाला ओढणारा नायट्रो गट. अशा ढकल-ओढ रेणूंचं सिस रूप क्षणात परत ट्रान्स होतं. दिवा चालू असताना रेणू सारखा मोडतो-जुळतो आणि प्रत्येक फेरीत शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन रबरात उतरते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: या पट्टीच्या वाकण्यात मोठा वाटा उष्णतेचा आहे. त्यात लाज वाटायचं कारण नाही, पण प्रबंधात 'प्रकाशरासायनिक' असा ठोकून शब्द टाकलात तर परीक्षक सोलतील आणि मी मध्ये पडणार नाही.

सिद्ध कसं करायचं? सगळ्यात उपयोगी प्रयोग काजळीचा. तीच कृती, पण रंगाऐवजी चिमटीभर कार्बन ब्लॅक घातलेली दुसरी पट्टी करा. कार्बन मोडत-जुळत नाही, फक्त तापतो. त्याच दिव्याखाली दोघी सारख्याच वाकल्या तर उत्तर मिळालं. मग पाण्याचा प्रयोग. पट्टी खोलीच्या तापमानाच्या पाण्यात बुडवून तोच दिवा द्या. हवेत वाकणारी पट्टी पाण्यात जवळपास स्तब्ध राहिली तर पाण्याने उष्णता पळवली असं म्हणता येतं. उलट बाजूने मात्र सावध: पाण्यात वाकली म्हणजे उष्णता नाहीच, असं होत नाही. रबर उष्णतेचा मंद वाहक आहे, जोरदार उजेडात त्याचा आतला भाग पाण्यातही तापू शकतो. ध्रुवक फिरवून कोन बदलतो का बघणारे लोक आहेत. पण रांगेत लावलेला रंग एका दिशेचा उजेड जास्त शोषतो, म्हणजे त्या दिशेने तापतोही जास्त. त्या एकट्या प्रयोगावर निकाल देऊ नका.

तापमान मोजायला करोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन आणू नका. ती माणसाच्या तापापुरती असते, पट्टीसमोर धरली की नुसतं 'हाय' दाखवते. औद्योगिक गन घेतलीत तरी तिचा ठिपका तुमच्या पाच मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा मोठा असतो आणि मागची भिंतही त्यात मोजली जाते. बारीक तारेचा थर्मोकपल पट्टीच्या मागच्या बाजूला टेकवून घेतलेलं माप मला जास्त पटतं.

आणि सोलापूर आपल्याला एक गोष्ट फुकट देतं. जानेवारीत सकाळी लॅबमध्ये अठरा-वीस अंश, मेमध्ये दुपारी चाळीसच्या वर. उष्णतेवर चालणाऱ्या पट्टीला ऐंशीपर्यंत पोचायला मेमध्ये सुमारे एक तृतीयांश कमी अंतर काटायचं असतं, त्यामुळे तोच दिवा तीच पट्टी उन्हाळ्यात लवकर आणि जास्त वाकवतो. बाहेरची माणसं यासाठी महागडं चेंबर घेतात. आपण फक्त दर वाचनाशेजारी खोलीचं तापमान लिहायचं. जे लिहीत नाहीत त्यांचे जानेवारी आणि एप्रिलचे आकडे जुळत नाहीत, आणि मग दोष दिव्याला.

खरी प्रकाशरासायनिक पट्टी हवी असेल तर

मग नायट्रो गट नसलेलं, दोन्ही टोकांना अ‍ॅक्रिलेट असलेलं अ‍ॅझोबेन्झीन साखळीतच जोडावं लागतं आणि काचेच्या सेलकडे वळावं लागतं. काचपट्ट्यांवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर, वाळला की मखमलीने एकाच दिशेने घासायचा. नवी पेठेत मिळणारी साधी मखमल चालते, जाताना जितक्या दाबाने तितक्याच, आणि परत येताना हात उचलून. दोन काचा घासण्याच्या उलट दिशांनी समोरासमोर, मध्ये अंतर राखायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या कडा. फॉइलची जाडी स्क्रूगेजवर एका पदराची मोजू नका, दहा पदर मोजून दहाने भागा. मिश्रण स्वच्छ द्रव होईल इतकं तापवून कडेने आत ओढू द्या, पण तिथे रेंगाळू नका, उष्णतेनेच पॉलिमर होऊ लागतो. मग सावकाश गार करत नेमॅटिकमध्ये आणा. पक्कं करताना ३६५ चा उजेड नको, तो अ‍ॅझोबेन्झीनच गिळून टाकेल. इरगाक्युअर ७८४ हिरव्या उजेडावर चालतो, तो घ्या. शेवटी सेल कोमट पाण्यात ठेवली की अल्कोहोलचा थर सुटतो आणि ब्लेडने फिल्म उचलता येते.

ही फिल्म रबरासारखी मऊ नसते, कडक प्लॅस्टिकसारखी असते. मऊ रबराची ताठरता काही मेगापास्कलच्या आत, हिची गिगापास्कलच्या घरात. आखडते थोडी, पण जोर बराच लावते. ३६५ ला वाकते आणि दिवा बंद केला तरी वाकलेलीच राहते, निळा उजेड दिला की सरळ होते. या 'वाकून राहण्या'मुळेच उष्णतेचा आरोप टळतो, कारण वीस मायक्रॉनची फिल्म गार व्हायला सेकंदही पुरतो. रेणू पृष्ठभागाला समांतर न लावता उभे लावले तर हीच फिल्म उजेडापासून दूर वाकते, हे इकेदांच्याच गटाने २००६ मध्ये दाखवलं. उभं लावायला काचेवर लेसिथिनचा थर पुरतो.

किती वेळ वाकून राहते, हे मात्र पुन्हा खोलीवर अवलंबून. साध्या अ‍ॅझोबेन्झीनचं सिस रूप २५ अंशांना द्रावणात काही दिवस टिकतं. ४० अंशांना त्याचं अर्धायुष्य साधारण सहापट कमी होतं. म्हणून या पट्ट्यांची विश्रांतीची मोजमापं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, किंवा पाण्याच्या बाथमध्ये तापमान बांधून घ्या. रेणू उभे-आडवे लागलेत का हे नीट बघायला हॉट स्टेजचा मायक्रोस्कोप लागतोच. बेंगळुरूला शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिक्विड क्रिस्टलची संस्था आहे, आता नॅनो आणि मृदू पदार्थ अशा नावाने चालते. १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधणारे हेच ते. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, तेव्हा नमुने डब्यात आणि पत्र आधी ईमेलवर, या क्रमाने जा.

उरलेला आरएम-२५७ घट्ट बंद करून, अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. पावसाळ्यात तर अजिबातच नाही.